वीस वर्षांच्या ट्रकचे इंजेक्टर : सहाही बदलावेत की आधी तपासावेत?

लांबपल्ला

माझ्याकडे वीस वर्षे वापरलेला सहा सिलिंडरचा डिझेल ट्रक आहे. इंजिन कॉमन रेल पद्धतीचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या सहाही इंजेक्टरना दाबाखालचे डिझेल एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, मिळते) असून त्यावर टर्बो आहे, आणि आजवर हेड (सिलिंडरवरचे झाकण) एकदाही उघडलेले नाही. गेल्या दोन महिन्यांपासून सकाळी पहिल्यांदा चालू करताना आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो. चालू झाल्यावर तीन-चार मिनिटे पांढरा धूर येतो आणि आयडलवर (गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना) एक अनियमित ठोका ऐकू येतो, जो इंजिन गरम झाल्यावर बराच कमी होतो. चढावर माल भरलेला असताना काळा धूर दिसतो. यापेक्षाही मला खटकलेली गोष्ट म्हणजे ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते आहे. दोन महिन्यांत डिपस्टिकवर ती वरच्या खुणेच्या बोटभर वर गेली.

एका कार्यशाळेत दाखवले असता, केबिन झुकवण्याआधीच 'सहाही इंजेक्टर गेले आहेत, बदलून टाका' असे सांगण्यात आले. तसे असेलही, परंतु काहीही न मोजता दिलेल्या निदानावर इतके मोठे काम काढावे असे मनाला पटत नाही. हाताशी टॉर्क पाना, साधा स्कॅनर आणि सर्व्हिस मॅन्युअल आहे, आणि काम स्वतः करण्याची तयारी आहे. माझे प्रश्न दोन आहेत. इंजेक्टर खरोखर दोषी आहेत हे ठरवायचे कसे? आणि एकदा तिथपर्यंत हात गेलाच, तर या वयाच्या इंजिनात सोबत आणखी काय बदलावे?

मायक्रॉन

पहिली विनंती अशी की ऑइलची पातळी का वाढते हे कळेपर्यंत ट्रक उभा ठेवावा. बाकी सगळी लक्षणे त्रासाची आहेत, हे एक मात्र धोक्याचे आहे. डिपस्टिकवरचे ऑइल बोटांत चोळून वास घ्या. डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल पातळ झाले आहे आणि क्रँकच्या बेअरिंगवरचा त्याचा थर टिकेनासा झाला आहे असे समजा. डिझेल तिथे पोहोचण्याच्या वाटा मोजक्याच असतात. नोझल, म्हणजे इंजेक्टरचे फवारणारे टोक, नीट बंद होत नसेल, तर ठिबकणारे डिझेल न जळता लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) खाली उतरते. हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टचे सील गेले असेल, तर ते टायमिंगच्या बाजूने आत येते. ज्या इंजिनांत संपूर्ण इंजेक्टर कव्हरखाली असतो, तिथे रिटर्नची (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची) गळतीही थेट ऑइलमध्ये मिसळते. आपल्या इंजिनात रिटर्नचे पाइप बाहेरून दिसत असतील, तर ही तिसरी वाट बाद झाली.

आता सकाळच्या त्रासाविषयी. कॉमन रेलमध्ये नोझल बंद ठेवणारी सुई उचलण्याचे काम विजेची कॉइल थेट करत नाही. सुईच्या वरच्या बाजूला दाबाखाली डिझेल अडवलेले असते. कॉइल एक छोटा व्हॉल्व्ह उघडते, वरचा दाब थोडा सुटतो आणि खालच्या दाबाने सुई वर जाते. सुटलेले हे डिझेल रिटर्नने टाकीत परत जाते. वीस वर्षांत त्या व्हॉल्व्हची बैठक झिजली की रिटर्न वाढतो. सेल्फवर इंजिन सावकाश फिरत असताना पंपाचा पुरवठा आधीच कमी असतो, आणि रेलमध्ये साधारण २०० ते २५० बार दाब झाल्याशिवाय बहुतेक कंट्रोलर (इंजिनाचे संगणक) इंजेक्शनला परवानगी देत नाहीत. त्यामुळे एकटा गळका इंजेक्टर सहाही सिलिंडरना खोळंबून ठेवू शकतो.

हे मोजणे अवघड नाही. सहा सारख्या अरुंद बाटल्या आणि सहा पारदर्शक नळ्या घ्या, प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न स्वतंत्र बाटलीत सोडा, गरम इंजिन आयडलवर पाच मिनिटे चालवा आणि पातळ्या शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मर्यादेचा आकडा मॅन्युअलमधला धरावा. परंतु एखादी बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली, तर मॅन्युअल उघडण्याआधीच पुष्कळसे उत्तर मिळते. मात्र या चाचणीतून फवारा कसा आहे हे कळत नाही. रिटर्न उत्तम असलेला इंजेक्टरही खालून ठिबकत असू शकतो.

अर्धा पाना

मी जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर हात बसवलेला माणूस आहे. आमच्या वेळी हा शोध दोन मिनिटांत लागत असे. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करायचा. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. बाटल्यांचा हा पसारा मांडण्याआधी ते का करू नये?

मायक्रॉन

कृपया कोणीही कॉमन रेलवर हे करू नये. यांत्रिक पंपावर प्रत्येक पाइपला स्वतःचा ठोका मिळतो, नोझल २०० ते २५० बारच्या आसपास उघडते आणि दोन ठोक्यांच्या मधे पाइपमधला दाब उतरतो. इथे रेलमध्ये आयडललाही ३०० बारच्या आसपास दाब सतत उभा असतो, आणि भाराखाली त्या पिढीच्या इंजिनांत तो १४०० ते १६०० बारपर्यंत जातो. सैल नटातून निघालेली केसासारखी धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आणि आत डिझेलने स्नायू मरू लागतो. असे झाले, तर दुखत नसले तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे लागते. याच कारणाने गळती शोधण्यासाठी पाइपवरून बोट फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. इंजिन बंद केल्यावरही मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, स्कॅनरवर रेलचा दाब शून्याजवळ आल्याचे पाहूनच पाना लावावा. आपल्याला जे हवे आहे ते स्कॅनरमधल्या सिलिंडर कट-आउट चाचणीने मिळते. तत्त्व तुमचेच आहे, फक्त नटाऐवजी कॉइल बंद केली जाते.

अर्धा पाना

मान्य. वर लिहिलेले कोणी अनुकरण म्हणून वाचू नये. आता माझ्या अनुभवातले, दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू पडणारे सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास होत असेल आणि दिवसा अर्ध्या सेल्फवर चालू होत असेल, तर आधी ती एअर घेते का ते पाहावे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक पाइप बसवा, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी सेल्फ मारताना त्या पाइपकडे पाहा. बुडबुड्यांची रांग दिसली, तर डिझेल रात्रीतून टाकीकडे मागे सरकले आहे. ही एअर बहुतेक वेळा जुन्या रबरातून येते. कापडी विणीच्या पाइपची लबाडी अशी की वीण वरून धड दिसते आणि तिच्याखालचे रबर तडकलेले असते. डिझेल बाहेर गळतही नाही, कारण त्या भागात पंपाची ओढ असते. हवा मात्र आत जाते. इंजेक्टर बदलूनही सकाळचा सेल्फ तसाच राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि दोष निघाला तो वितभर पाइपाचा.

संथ गती

या दोन्ही चाचण्यांसोबत कॉम्प्रेशनही मोजावे असे मी सुचवतो. रिंगा आणि लायनर झिजलेल्या इंजिनाला नवे इंजेक्टर लावणे म्हणजे फुटक्या घागरीला नवी दोरी बांधणे होय. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, आणि ते न जळण्याचे कारण कमी कॉम्प्रेशन हेही असू शकते. धड डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार मिळतात. परंतु आकड्याइतकेच महत्त्व सहांमधल्या फरकाला आहे. गेज नसेल, तर अनेक स्कॅनरमध्ये सेल्फवरच्या वेगातील चढउतारांवरून सापेक्ष कॉम्प्रेशन दाखवण्याची सोय असते. शिवाय चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण उलटे ठेवून पाहा. ते जागेवर थरथरत राहिले तर ठीक, उडून पडू लागले तर ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा गॅस) जास्त आहे. मात्र तो गॅस बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला तरीही झाकण उडते, म्हणून ब्रीदर आधी साफ करावा.

लांबपल्ला

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस मोजमापांत गेले, निकाल मांडतो.

ऑइलला डिझेलचा स्पष्ट वास होता. ते काढून फिल्टरसह नवे भरले आणि नंतरच्या चाचण्या उभ्या गाडीवरच केल्या. पारदर्शक पाइपमध्ये सकाळी बुडबुडे दिसले. फिल्टरकडे येणारा पाइप वाकवताच विणीखालून तडा उघडा पडला. तेवढा एक पाइप आणि त्याच्या दोन क्लिपा बदलल्यावर सेल्फचा वेळ दहा सेकंदांवरून पाचवर आला. हा अर्धा त्रास इंजेक्टरचा नव्हताच, हे पाहून मी थोडा वेळ त्या पाइपकडे नुसता बघत बसलो.

पाच मिनिटांच्या रिटर्न चाचणीत बाटल्यांत अनुक्रमे ३०, ३४, २८, ११२, ३६ आणि ३१ मिलिलिटर डिझेल जमा झाले. म्हणजे चौथा उघड दोषी आहे. कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरना २५ ते २७ बारच्या दरम्यान आहे आणि ब्रीदर साफ केल्यावर झाकण जागेवर राहते. परंतु आयडलला कंट्रोलर प्रत्येक सिलिंडरच्या इंधनात करत असलेली दुरुस्ती स्कॅनरवर पाहता सहावा सिलिंडर इतरांपेक्षा पुष्कळ वेगळा दिसतो. कंट्रोलर त्याचे इंधन सतत कमी करतो आहे. त्याचा रिटर्न मात्र चांगला आहे. मग आता चौथा आणि सहावा असे दोनच बदलावेत काय?

मायक्रॉन

सहाव्याचे वर्णन ठिबकणाऱ्या नोझलशी जुळते. ऑइलमधले डिझेल तिथूनच येत असावे. तरी पंपाच्या सीलवरचा संशय अजून पूर्ण फिटलेला नाही, तो इंजेक्टर बदलल्यावर ऑइलची पातळी पाहूनच फिटेल.

दोन की सहा, याचे उत्तर मी बेंचवर (इंजेक्टर तपासण्याच्या यंत्रावर) सोडेन. सहाही काढा, प्रत्येकावर सिलिंडरचा क्रमांक लिहा आणि तपासणीला द्या. बेंचवर पूर्ण भार, मध्यम भार, आयडल आणि मुख्य फवाऱ्याच्या आधीचा छोटा पायलट फवारा अशा चार ठिकाणी इंधनाचे माप घेतात, शिवाय गळती आणि फवाऱ्याचा आकार पाहतात. जुन्या इंजेक्टरचा दोष पायलटच्या मापात अनेकदा लवकर दिसतो, कारण ते माप अगदी थोडे असते आणि आयडलचा ठोका पुष्कळदा त्यातूनच येतो. चार चांगले निघाले तर ते निर्धास्त परत बसवा. केवळ 'सगळे एकाच वयाचे आहेत' म्हणून चांगला भाग टाकून देणे मला पटत नाही.

संथ गती

इथे माझे थोडे वेगळे मत आहे. दोन इंजेक्टर नवे आणि चार वीस वर्षांचे असले, तर वर्षभरात पुन्हा हेच काम निघण्याची शक्यता मोठी आहे. ज्याच्या गाडीवर रोजचे काम अवलंबून आहे, त्याने त्या चारांच्या नोझल तरी बदलून घ्याव्यात. परंतु बेंचच्या अहवालाआधी हे ठरवू नये, इतके मान्य. एक गोष्ट राहिली. नव्या किंवा दुरुस्त केलेल्या इंजेक्टरवर त्याच्या मापाचा कोड कोरलेला असतो. तो त्या-त्या सिलिंडरसाठी कंट्रोलरमध्ये भरावा लागतो आणि जुने इंजेक्टर आपापल्या जागीच परत जावे लागतात. आपल्या साध्या स्कॅनरला ते जमते का, हे आधीच पाहून ठेवा.

अर्धा पाना

आता काढण्याविषयी, कारण वीस वर्षे बसलेला इंजेक्टर सहजासहजी हलत नाही. आदल्या रात्री भोवती गंज सोडवणारे तेल सोडा. दुसऱ्या दिवशी इंजिन थोडे कोमट करा आणि मग इंजेक्टर दाबून धरणारा क्लॅम्प काढा. वरच्या नटावर पाना लावून पिळू नका; त्याने आतला व्हॉल्व्ह तरी बिघडतो किंवा अंग तरी मोडते. सरळ वर ओढणारा स्लाइड हॅमर वापरा आणि छोटे-छोटे ठोके द्या. भोवती काळे, डांबरासारखे साठले असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर आधीपासून गॅस सोडत होता असे समजा. तिथे घाई केली, तर हेडच उतरवण्याची वेळ येते.

उघडलेले प्रत्येक तोंड लगेच स्वच्छ टोपीने बंद करा. फडके कोंबू नका, त्याचे धागे आत जातात.

मायक्रॉन

टोपीच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. इंजेक्टरच्या आतील सुईची फट दोन-चार मायक्रॉन असते, आणि आपला केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. डोळ्याला दिसणारा कण म्हणजे त्या फटीच्या दृष्टीने धोंडाच.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझा नियम असा आहे की ज्या थरापर्यंत हात गेला, त्या थरातले रबर, तांबे आणि ताणून कसलेले बोल्ट परत वापरायचे नाहीत. लोखंड मात्र मोजल्याशिवाय बदलायचे नाही. म्हणजे इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर, अंगावरच्या ओ-रिंग, व्हॉल्व्ह कव्हरमधली इंजेक्टरभोवतीची सिले, कव्हरचे गॅस्केट, रिटर्नचे सगळे छोटे पाइप आणि क्लॅम्पचे बोल्ट. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कठीण होतो आणि दुसऱ्यांदा बैठकीचा आकार घेत नाही. तसेच मॅन्युअलमध्ये बोल्ट 'अमुक टॉर्क आणि पुढे अमुक अंश' असा कसायला सांगितला असेल, तर तो बहुधा ताणून कसण्याचाच असतो. हाय प्रेशर पाइपच्या टोकाच्या शंकूवर खोल चरा असेल तर पाइपही नवा घ्यावा. नट जास्त आवळून गळती थांबवण्याचा प्रयत्न केला, तर शंकू आणखी बिघडतो.

रबराबाबत एक जुनी गोष्ट सांगतो. डिझेलमधले गंधक घटवले, तेव्हा शुद्धीकरणात त्यातले अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी झाले. जुन्या डिझेलने फुगून बसलेली नायट्राइल रबराची सिले नव्या डिझेलमध्ये आक्रसली, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत कालपर्यंत कोरडे असलेले पंप अचानक गळू लागले. नवी सिले घेताना शक्य असेल तिथे फ्लुओरो रबराची घ्या.

संथ गती

कव्हर उघडलेच आहे तर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट बसवणे) करून घ्या. ते थंड इंजिनावरच करावे, मॅन्युअलने वेगळे सांगितले नसेल तर. इंजेक्टर निघालेले असताना क्रँक हाताने सहज फिरतो, त्यामुळे त्याहून सोयीची वेळ पुन्हा येत नाही. इंजेक्टरच्या वायरींचे प्लग उष्णतेने ठिसूळ झालेले असतात. हात लावताच कडी तुटते आणि मग सैल प्लग नवा मिसफायर देतो. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून पाण्याचा ओघळ दिसतो का, बेल्टचा टेन्शनर फिरवताना खरखरतो का, हेही पाहावे. दोन्ही कोरडे आणि शांत असतील तर सोडून द्यावे.

इंजिन माउंटिंगकडे (इंजिन ज्या आधारांवर टेकते त्यांच्याकडे) मात्र लक्ष द्या. दबून बसलेल्या माउंटिंगमुळे थरथर वाढते, आणि हाय प्रेशर पाइपचे छोटे क्लॅम्प कोणी मागच्या कामात परत लावले नसतील, तर नवा पाइपही काही महिन्यांत तडकतो. ते क्लॅम्प दिसायला क्षुल्लक असतात, म्हणूनच हरवतात.

अर्धा पाना

आणि टाकी! वीस वर्षांच्या टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ असणारच. टाकी न धुता नवे इंजेक्टर बसवले, तर ते जुने व्हायला वीस वर्षे लागणार नाहीत.

लांबपल्ला

काम झाले, परंतु सरळ झाले नाही. तपशील लिहितो.

पाच इंजेक्टर एका दिवसात निघाले, चौथ्याने तीन दिवस घेतले. बेंचच्या अहवालात चौथ्याची व्हॉल्व्हची बैठक झिजलेली आणि सहाव्याची नोझल ठिबकणारी निघाली. दुसऱ्याचे पायलटचे माप मर्यादेच्या काठावर होते. तीन बदलले, तीन ठेवले; दोन्ही मतांच्या मधला रस्ता निघाला. टाकी उतरवून धुतली, आणि तळातून जे निघाले ते चहाच्या चोथ्यासारखे दिसत होते. टॅपेट सेटिंगमध्ये एक्झॉस्टचे तीन व्हॉल्व्ह सैल सापडले.

बसवताना हेडमधल्या इंजेक्टरच्या बैठका घासून साफ केल्या, इंजेक्टर बसवण्याआधी सेल्फवर इंजिन फिरवून कचरा बाहेर उडवला, पाइपचे नट आधी हाताने लावले, मग क्लॅम्प टॉर्कने कसले आणि शेवटी पाइपचे नट कसले, म्हणजे पाइपवर ताण राहू नये. हातपंपाने एअर काढली. तिसऱ्या सेल्फला इंजिन चालू झाले. ठोका गेला होता. परंतु तिसऱ्या सिलिंडरपाशी इंजिनाच्या गतीबरोबर चालणारा 'चफ-चफ' असा नवाच आवाज येऊ लागला, आणि थोडा काळा धूरही होता. तिथे साबणाचे पाणी टाकताच फेस उसळला. गॅस सुटत होता.

इंजेक्टर पुन्हा काढला. वॉशर नवा होता, एका कडेला मात्र काजळी चढली होती. टॉर्च आत धरून पाहिले तर बैठक स्वच्छ दिसत होती. मग टोक वाकवलेली तार खाली सोडून कडेने फिरवली, तेव्हा ती एके ठिकाणी किंचित अडकली. सपाट बैठकीत तार अडकण्याचे कारण नव्हते. अर्धा तास ओढून-ओढून वर आला तो जुना वॉशर. वीस वर्षांच्या काजळीने तो बैठकीशी इतका एकजीव झाला होता की घासणीने मी बैठक नव्हे, त्याचीच पाठ लखलखीत केली होती. जुन्यावर नवा असे दोन वॉशर बसले होते.

मायक्रॉन

वेळीच सापडला हे फार बरे झाले. गॅसची गळती हा त्यातला निम्माच दोष होता. वॉशरच्या जाडीवर नोझल आत किती डोकावते ते ठरते. जास्तीच्या वॉशरने ती दीड-दोन मिलिमीटर वर उचलली गेली की फवारा पिस्टनच्या वाटीत न पडता तिच्या काठावर आपटतो. काळा धूर त्याचाच असणार.

अर्धा पाना

इंजेक्टर बाहेर काढताना वॉशर मोजले होते का?

लांबपल्ला

नाही. आता डबी उपसून मोजले. आधी निघालेले पाचच होते, हा सहावा.

बाकी स्थिती अशी. सकाळी दोन सेकंदांत इंजिन चालू होते आणि धूर नाही. रिटर्नची पुन्हा चाचणी घेतली, सहाही बाटल्या २६ ते ३५ मिलिलिटरच्या आत आहेत. नव्या ऑइलवर ९०० किलोमीटर झाले. पातळी खुणेवर आहे आणि डिझेलचा वास नाही, त्यामुळे पंपाच्या सीलवरचा संशय तूर्त मागे घेतो. हाय प्रेशर पाइपचे दोन क्लॅम्प खरोखरच हरवलेले निघाले, ते नवे लावले. पुढची दोन्ही माउंटिंग दबून बसलेली आहेत. त्यासाठी इंजिनाला खालून टेकू द्यावा लागेल, म्हणून ते काम पुढच्या आठवड्यात घेतो.

संथ गती

टेकू देताना जॅक थेट ऑइल पॅनला लावू नका, मधे जाड फळी ठेवा.